हजेरी न घेणारा मुकादम

'लोड' म्हटलं की माझ्या आजीला गादीवरचा लोड आठवतो, पाठ टेकून बसायचा. बाबांना लोडशेडिंग आठवतं. आणि आपल्या इलेक्ट्रिकलच्या मुलामुलींना आठवते ती लॅबमधली लॅम्प बँक, जिच्यासमोर प्रॅक्टिकलला उभं राहिलं की डिसेंबरमधेही घाम फुटतो! पण मला आज ज्या लोडबद्दल लिहायचंय तो यातला कुठलाच नाही. तो आहे इलेक्ट्रॉनिक लोड. आपल्या पॉवर इलेक्ट्रॉनिक्स लॅबमधे असे ३०० वॅटचे चार लोड आहेत, एकाच मॉडेलचे, चार वेगवेगळ्या टेबलांवर. त्यांना एकमेकांशी जोडायच्या केबल्स मात्र कपाटात आहेत, आलेल्या पिशवीत, पिशवी न फोडता.

माझं म्हणणं सरळ आहे. ती पिशवी फोडावी, चारही लोड एकाच्या हुकमाखाली जोडावेत आणि मोठ्या लोडच्या बजेटची वाट बघणं थांबवावं. पण पिशवी फोडायच्या आधी एक गोष्ट आपण सगळ्यांनी, म्हणजे विद्यार्थ्यांनी आणि सर-मॅडमनीही, पक्की ठरवायला हवी. तेवढ्यासाठीच हा लेख.

(संपादक मंडळाने 'शक्यतो पारिभाषिक मराठी शब्द वापरावेत' असं सांगितलं होतं. माझी शाळा कॉन्व्हेंट, पण मुद्दा तो नाही. 'विद्युतभार-संच' वगैरे लिहिलं तर मेसमधे माझ्या शेजारी कोणी बसणार नाही. तेव्हा लॅबमधे जे बोलतो तेच लिहिते.)

आधी सिव्हिल-मेकॅनिकलच्या मंडळींसाठी थोडंसं. पॉवर सप्लाय करंट देतो, लोड करंट खातो. इलेक्ट्रॉनिक लोडच्या पोटात मॉस्फेट असतात, त्यांच्या वाटेत एक अगदी छोटा रेझिस्टर असतो आणि त्या रेझिस्टरवर नजर ठेवून बसलेला एक ऑप-अँप असतो. आपण सांगायचं, '५ अँपिअर घे.' ऑप-अँप रेझिस्टरवरचा व्होल्टेज बघतो आणि मॉस्फेटचं गेट हवं तेवढंच उघडतो. नळाशी बसून मीटरकडे बघत चावी फिरवणारा माणूसच समजा. खाल्लेल्या सगळ्या पॉवरची उष्णता होते आणि पंखा ती बाहेर फेकतो. हॉस्टेलमधे रेक्टर सर ज्या कॉइलच्या शेगडीवर बंदी घालतात तीच ही, फक्त शिकलेली!

या शिकलेल्या शेगडीला चार गोष्टी येतात: करंट कायम ठेवणं (सी.सी.), व्होल्टेज कायम ठेवणं (सी.व्ही.), रेझिस्टन्स कायम ठेवणं (सी.आर.) आणि पॉवर कायम ठेवणं (सी.पी.).

आता याची गरज कुणाला? दरवर्षी फायनल इयरचे दोन-तीन ग्रुप तरी बॅटरीवर प्रोजेक्ट घेतात. ई-सायकल, ई-कार्ट, सोलरची बॅटरी, काहीही. नेहमीचा पॅक म्हणजे १३ लिथियम-आयन सेल सिरीजमधे. पूर्ण भरला की ५४.६ व्होल्ट, आणि सेलला ३ व्होल्ट या हिशेबाने रिकामा ३९ व्होल्टला. समजा पॅक ३० अँपिअर-अवरचा आहे आणि तो खरंच तेवढा आहे का हे २० अँपिअरवर तपासायचंय. सुरुवातीलाच पॉवर झाली ५४.६ गुणिले २०, म्हणजे १०९२ वॅट. आपला एक लोड ३०० वॅटचा. त्याच्या अंगावर ८० व्होल्ट आणि ६० अँपिअर असंही छापलेलं आहे, पण म्हणून ते दोन्ही एकदम मिळत नाहीत. ५४.६ व्होल्टला ३०० वॅट म्हणजे जेमतेम साडेपाच अँपिअर.

मग आपले ग्रुप काय करतात? नायक्रोमची कॉइल नाहीतर गाडीचे हेडलाइटचे बल्ब. बल्बची गंमत अशी की थंड फिलामेंटचा रेझिस्टन्स तापलेल्याच्या साधारण दहावा हिस्सा असतो, त्यामुळे बटण दाबलं की पहिला झटका बसतो तो बी.एम.एस.ला. नायक्रोम त्या मानाने सभ्य. पण ५४.६ व्होल्टला २० अँपिअर घ्यायला कॉइल लागते २.७३ ओहमची, आणि पॅक ३९ व्होल्टवर आला की तीच कॉइल घेते १४.३ अँपिअर. म्हणजे रिपोर्टवर लिहायचं '२० अँपिअरवर डिस्चार्ज' आणि प्रत्यक्षात मात्र करंट पूर्ण वेळ घसरत असतो. शिवाय ३९ व्होल्टला ती कॉइल स्वतःहून थांबत नाही. कोणीतरी मल्टिमीटर धरून बसायचं. तो कोणीतरी चहाला गेला की सेल गेले!

हेच काम चार लोडमधे वाटलं तर? प्रत्येकाने ५ अँपिअर घ्यायचे. जास्तीत जास्त २७३ वॅट. चौघंही आपापल्या ३०० च्या आत. गणित अगदी सुटसुटीत आहे. किर्चहॉफने १८४५ साली सांगून ठेवलंय की करंटची बेरीज होते.

यावर स्टाफकडून दोन उत्तरं येतात. पहिलं, 'पॅरलल करू नका, काहीतरी उडेल.' दुसरं, 'बजेट आलं की मोठाच घेऊ.' दोन्ही उत्तरांत तथ्य आहे, म्हणून दोन्हींना नीट उत्तर देते.

पहिल्या उत्तरातली भीती खरी आहे, पण ती नुसत्या पॅरललची आहे. चार लोड एकाच बॅटरीला लावून चौघांना वेगवेगळं सेट करणं म्हणजे जोडणं नव्हे, ती फक्त गर्दी! सी.सी. मोडमधे ही गर्दी बरी वागते, प्रत्येकजण आपले ५ अँपिअर घेतो. भांडण होतं थांबायच्या वेळी. वायरमधे थोडा व्होल्टेज पडतोच. २.५ स्क्वेअर मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरला मीटरमागे साधारण ७.४ मिलिओहम. जाऊन-येऊन चार मीटर वायर धरली तर ५ अँपिअरला ०.१५ व्होल्ट. म्हणजे ज्याची वायर लांब त्याला पॅक लवकर रिकामा 'दिसतो'. तो थांबतो. एकूण करंट ५ अँपिअरने उतरला की पॅकचा व्होल्टेज किंचित वर चढतो, मग बाकीचे तिघं खुशाल चालू राहतात. टेस्ट नक्की संपली कधी? चौघांची चार उत्तरं.

सी.व्ही. मोडमधे तर विचारूच नका. दोन लोड, दोघांना सांगितलं, ४८ व्होल्ट राखा. एकाचा मीटर किंचित चुकतो, त्याचे ४८ म्हणजे खरे ४७.९५. तो व्होल्टेज ४७.९५ वर येईपर्यंत ओढतच राहणार. दुसरा बघतो, व्होल्टेज ४८ च्या खाली आहे, म्हणजे माझं काम झालं! तो सोडून देतो. एक राबतो आणि दुसरा टाइमपास करतो. ग्रुप प्रोजेक्ट केलेल्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल.

जोडणं म्हणजे हे भांडण मिटवणं. चौघांपैकी एकालाच बॅटरीचा व्होल्टेज बघायचा अधिकार, मोड ठरवायचा अधिकार एकालाच, चालू-बंदचा हुकूमही एकाचाच. बाकीच्या तिघांना फक्त सांगितलं जातं, 'तू इतका करंट घे.' सी.व्ही. असो की सी.पी., साथीदार आतून सी.सी.मधेच चालतात. मॅन्युअलमधे याला कित्येक वर्षं 'मास्टर-स्लेव्ह' म्हणत आले. २००३ साली अमेरिकेत लॉस एंजेलिस काउंटीने आपल्याला माल पुरवणाऱ्या कंपन्यांना हे शब्द टाळा असं कळवलं, तेव्हा त्याची चेष्टाही झाली. आता मात्र बऱ्याच ठिकाणी 'लीडर-फॉलोअर' असे शब्द दिसतात. मला विचाराल तर आपल्याकडे यापेक्षा नेमका शब्द आहे, मुकादम. बांधकामावर, ऊसतोडीवर मुकादम स्वतः काम सांगतो, टोळी काम करते. आणि मुकादमाचं दुसरं काम विसरू नका. तो रोज हजेरी घेतो.

इथेच तो मुद्दा येतो, जो पिशवी फोडायच्या आधी ठरवायला हवा. हुकूम मुकादमाकडून गड्यांकडे जातो, पण गड्यांकडून मुकादमाकडे खबर परत येते का?

जोडणी दोन प्रकारची असते. एक अॅनालॉग. मास्टर एका वायरवर सिग्नल सोडतो, समजा ० ते १० व्होल्ट, आणि बाकीचे त्या प्रमाणात करंट घेतात. साधी, स्वस्त, झटपट. पण ही वायर एकतर्फी आहे. हुकूम जातो, खबर येत नाही. मास्टरला एकूण करंट दाखवायचा असेल तर तो स्वतःचा करंट मोजतो आणि चारने गुणतो. दुसरी जोडणी डिजिटल. तिच्यात प्रत्येक युनिट स्वतः मोजलेला करंट, तापमान, ट्रिप झालंय की नाही, हे सगळं परत कळवतं आणि मास्टर खरी बेरीज करतो.

फरक केवढा पडतो ते बघा. आपला ३० अँपिअर-अवरचा पॅक, २० अँपिअरवर, म्हणजे दीड तास. (करंट बदलला तरी कपॅसिटी तीच राहते असं सोपं जावं म्हणून धरू.) पाऊण तासाने एका युनिटचा पंखा अडकला, ते तापलं आणि ओव्हर-टेंपरेचरवर गपचूप बंद पडलं. तोपर्यंत १५ अँपिअर-अवर झालेत. उरलेले १५ अँपिअर-अवर आता तिघं मिळून १५ अँपिअरने ओढतात, म्हणजे आणखी एक तास. एकूण पावणेदोन तास. एकतर्फी जोडणीतला मास्टर म्हणतो, २० गुणिले पावणेदोन, ३५ अँपिअर-अवर! ग्रुप खूष, गाईड खूष. 'पॅक चांगलाच बांधलाय रे!' तेच युनिट पहिल्या मिनिटाला बंद पडलं असतं तर आकडा ४० आला असता आणि कोणाला तरी शंका आली असती. ३५ वर शंकासुद्धा येत नाही. खोटा आकडा जितका खऱ्याच्या जवळ तितका तो जास्त घातक. आणि हा पॅक पुढे शोकेसमधे बसत नाही. तो ई-सायकलला लागतो, त्यावर कोणीतरी बसतं.

आता समजा मास्टर फार कर्तबगार आहे. त्याने ठरवलं, काही होवो, एकूण १००० वॅट राखायचेच. चौघांत २५० प्रत्येकी. एक पडला की उरलेल्या तिघांवर ३३३. पण मर्यादा ३०० ची! मग दुसरा ट्रिप, दोघांवर ५००, मग तेही गेले. खबर आली आणि मुकादमाने तिचा अर्थ 'उरलेल्यांना पळवा' असा लावला तर टोळीच बसते. हे फक्त टेबलावरच्या लोडचं नाही. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला देशाची ग्रिड कोसळली ती याच पद्धतीने. बिना-ग्वाल्हेर ही ४०० केव्ही लाइन ट्रिप झाली, तिचा भार शेजारच्या लाइन्सवर गेला, मग त्या गेल्या. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्येकडचे सुमारे ६० कोटी लोक अंधारात होते. पश्चिमेची ग्रिड वेगळी होऊन वाचली, म्हणून आपल्या महाराष्ट्रात दिवे होते. वाचली ती योग्य वेळी सुटी झाली म्हणून. जोडलेल्या यंत्रणेला सुटं होताही आलं पाहिजे.

आता दुसऱ्या उत्तराकडे, 'मोठाच घेऊ'. मोठ्या लोडचे फायदे मी नाकारत नाही. एकच कंट्रोल लूप, वायरिंग कमी, आणि करंट अगदी झटपट वर-खाली करायचा असेल तर तोच बरा, कारण जोडलेल्या चौघांची पावलं मायक्रोसेकंदाच्या हिशेबात जुळत नाहीत. पण आपल्याला बॅटरी हळूहळू रिकामी करायचीय, तिथे मायक्रोसेकंदाला कोण विचारतो! उलट चार छोटे असले की प्रॅक्टिकलच्या दिवशी चार बॅच चार टेबलांवर काम करतात आणि शनिवारी तेच चार एकत्र होऊन फायनल इयरच्या कामाला येतात. एक बिघडला तर तीन उरतात. मोठा बिघडला तर उरतं फक्त सर्व्हिस इंजिनिअरला फोन करणं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. मोठा लोड घेतला तर आपण एक बटण दाबायला शिकू. चार जोडले तर कंट्रोल, शेअरिंग, प्रोटेक्शन, कम्युनिकेशन हे सगळं एकाच टेबलावर शिकू. चार पेपरांचा सिलॅबस एका केबलमधे!

मग नियम काय असावेत? माझी यादी लांब नाही.

एक. कुठल्याही टेस्टआधी केबल उपटून बघायची. साध्या पॉवर सप्लायवर, एखाद्या अँपिअरवर चौघांना चालू करायचं आणि मुद्दाम लिंकची केबल काढायची. चौघंही बंद पडले तर उत्तम. एखादा शेवटचा हुकूम धरून चालूच राहिला, तर ती जोडणी बॅटरीवर लावायची नाही. निदान एक काँटॅक्टर बाहेरून मधे घालेपर्यंत तरी नाही. तसंच एक युनिट मुद्दाम बंद करून बाकीचे थांबतात का तेही बघायचं.

दोन. हजेरी. लॉगशीटवर एकूण करंटचा एकच कॉलम नको. चार युनिटचे चार कॉलम, दर दहा मिनिटांनी, प्रत्येकाच्या स्वतःच्या स्क्रीनवरून. पाचवा कॉलम क्लॅम्प मीटरचा, बॅटरीकडून येणाऱ्या मुख्य वायरवरचा. क्लॅम्प मीटर डी.सी. मोजणारा हवा, नुसता ए.सी.चा इथे चालत नाही. बेरीज जुळली नाही तर टेस्ट थांबवायची, आकडा सुधारायचा नाही.

तीन. प्रत्येक युनिटच्या वाटेत स्वतंत्र फ्यूज. एखाद्याचे प्लस-मायनस उलटे लागले तर मॉस्फेटच्या आतला डायोड सरळ कंडक्ट करतो आणि बॅटरी त्या एकातून शॉर्ट होते. इतर तिघं कितीही शहाणे असले तरी उपयोग नाही.

चार. चौघांच्या वायर सारख्या लांबीच्या, एकाच बसबारवर आणलेल्या. मास्टरच्या सेन्सच्या दोन बारीक वायर मात्र थेट बॅटरीच्या टर्मिनलवर. आणि सिरीजमधे जोडायचा मोह कधीच नको. एकाने क्षणभर उशीर केला की सगळा व्होल्टेज एकाच्याच अंगावर येतो.

यातल्या कशालाही मोठं बजेट लागत नाही. चार फ्यूज, एक बसबार, एक क्लॅम्प मीटर आणि कागद. लॅबमधल्या काकांना विचारलं तर अर्धं सामान तिथेच सापडेल.

मार्च २०२२ मधे पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली इलेक्ट्रिक स्कूटर पेटली, तो व्हिडिओ आपल्यातल्या बहुतेकांनी पाहिलाय. त्या वर्षीच्या अशा घटनांनंतर सरकारने बॅटरी पॅकच्या चाचण्यांचे ए.आय.एस. १५६ हे नियम कडक केले आणि ते डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाले. उद्या आपल्यापैकी कितीतरी जण याच क्षेत्रात नोकरीला जाणार. तिथे जो आकडा आपण सही करून देऊ त्यावर लोक मुलांना मागे बसवून गाडी चालवणार. तो आकडा मोजलेला आहे की चारने गुणलेला, हे विचारायची सवय कॉलेजमधे लागली नाही तर कुठे लागणार?

मित्रमैत्रिणींनो, हे फक्त यंत्रांना लागू आहे असंही नाही. मेस कमिटी असो, गॅदरिंगची टीम असो की चार जणांचा प्रोजेक्ट ग्रुप, आपल्याकडे लीडर निवडायची हौस दांडगी. लीडर स्वतःच्या कामाला चारने गुणतो आणि गाईडला सांगतो, 'सर, ऐंशी टक्के झालं.' बाकीच्या तिघांपैकी एकजण पंधरा दिवसांपूर्वीच ट्रिप झालेला असतो, हे त्याला सबमिशनच्या आदल्या रात्री कळतं. चूक बिचाऱ्या ट्रिप झालेल्याची कमी असते. तापल्यावर बंद पडणं हे प्रोटेक्शन आहे, गुन्हा नाही. 'मला झेपत नाहीये' ही खबर वर पोचायला वायरच नसते, ही खरी चूक.

तेव्हा एच.ओ.डी. सरांना आणि लॅब इन्चार्ज मॅडमना नम्र विनंती. या सेमिस्टरला निदान एक शनिवार आम्हाला द्यावा. पिशवी आम्ही फोडू, मॅन्युअल आम्ही वाचू, केबल आम्हीच उपटून बघू आणि चारही कॉलमची लॉगशीट सोमवारी आपल्या टेबलावर ठेवू. ती जुळली तर फायनल इयरच्या पहिल्या पॅकपासून सुरुवात करता येईल. नाही जुळली, तर का नाही जुळली हे शोधायला आम्ही इथे इंजिनिअरिंगलाच आलोय.

— तृतीय वर्ष, विद्युत अभियांत्रिकी